कशावरूनबाईंची शिकवणी

ऑफिसात सगळे तिला मागून ‘कशावरूनबाई’ म्हणायचे, आणि हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती विमा कंपनीत होती. कुणाचं दुकान जळालं, कुणाची गाडी ठोकली, कुणाचा हात मोडला, की भरपाईचा अर्ज तिच्या टेबलावर यायचा आणि अर्जदार समोरच्या खुर्चीत. तो बिचारा रडकुंडीला येऊन सांगत असायचा आणि ही पेनाचं टोपण दातात धरून विचारायची, “कशावरून?” खोटं बोलणारे सटपटायचेच, पण खरं बोलणाऱ्यांनाही आपण थापा मारतोय की काय असं वाटायला लागायचं. तिला त्याचं काही नव्हतं. एखादा लबाड सापडला की त्या दिवशी तिला दोन घास जास्तच जायचे.

आता अशा बाईला लेकीसाठी शिकवणीचा मास्तर शोधायचा होता. म्हणजे त्या मास्तरांची कल्पना करा!

लेक म्हणजे चिमी. डायनिंग टेबलावर चमचे एकमेकांत अडकवून पूल बांधणारी पोरगी, मोठी झाल्यावर खरेखुरे पूल बांधायचे म्हणणारी. मागच्या वर्षीपर्यंत गणितात चमकत होती. यंदा काय झालं देव जाणे, फिजिक्स आणि मॅथ्स दोन्हीत जेमतेम काठावर. वर्गशिक्षिकेने शाळेत बोलावून स्पष्टच सांगितलं, वार्षिक परीक्षेत हे दोन विषय सुधारले नाहीत तर पुढच्या वर्षी सायन्स विसरा. त्या दिवसापासून चिमी जेवताना चमच्यांना हातसुद्धा लावत नव्हती. मान खाली घालून दोन घास खायची आणि उठायची. ते बघून आईचा जीव तुटत होता.

पहिला मास्तर चकचकीत पुस्तिका घेऊन आला. आत पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो. त्यातल्या वेण्यावाल्या मुलीला हिने दुसऱ्याच क्लासच्या पुस्तिकेत पाहिलं होतं, तिथे तिचं नाव वेगळं होतं आणि मार्कही जास्त होते. तो चहा न पिताच गेला. दुसऱ्याला तिने पुस्तक उघडून, “हे एवढं सोडवून दाखवा,” म्हटलं, तर तो गडी दर दोन ओळींनी मागची उत्तरं चाळायला लागला.

“मास्तरच उत्तरं बघून करणार, मग माझ्या मुलीने काय घोडं मारलंय?” ती रात्री नवऱ्याला म्हणाली.

नवरा चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. “हे बरं दिसतं की मघाचं?” असं विचारायचं आणि समोरचा सांगेल ते खरं मानायचं, यातच त्याची निम्मी हयात गेली होती. तो म्हणाला, “अगं, कुणावर तरी विश्वास ठेवावा लागेल.”

“तू ठेव. तुझं दुकान त्यावरच चालतं.”

तिसरे सर खालच्या मजल्यावरच्या शिलाईवालीने सुचवले. जाडजूड, खांद्यावर रिकामी पिशवी, हातात ना पुस्तक ना पुस्तिका. म्हणाले, “पहिला आठवडा पैसे नकोत. मला जमतंय का ते बघू.” झालं! कशावरूनबाईंनी कान टवकारले. ऑफिसात जो माणूस ‘मला पैशाचं काही नाही हो’ म्हणत यायचा, त्याचीच फाइल ती सगळ्यात आधी उघडायची.

“कॉलेजातली शिकवायची नोकरी का सोडलीत?” तिने विचारलं.

“वर्गात शंभर मुलं असायची. कोण कुठे अडलंय ते दिसायचं नाही.”

“कशावरून?”

सर नुसतेच हसले. तिच्या मनात पाल चुकचुकली.

शिकवणी डायनिंग टेबलावरच होईल, ही तिची अट. सरांनी मान्य केली, पण एक अट त्यांनीही घातली. “ताई, तुम्ही इथे बसू नका.” वर चिमीच्या वह्या उचलून सरळ पिशवीत कोंबल्या. “दोन दिवस कागद नाही, पेन्सिल नाही. नुसतं बोलायचं.”

फिजिक्स, आणि कागद नाही! म्हणजे उद्या कुणी तपासायला नको, कुठे काही राहायला नको. स्वयंपाकघरात ती वाटाणे सोलायला बसली खरी, पण नळ बंद, पंखा बंद आणि कान बाहेर.

“पन्नास किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे,” सर म्हणाले. “लिफ्ट दोनच्या त्वरणाने खाली निघाली. गुरुत्वाचे दहा धर. काटा किती दाखवेल?”

“चाळीस,” चिमी म्हणाली.

“आणि दोर तुटला तर?”

“शून्य. पण तेव्हा काटा कोण बघत बसतंय, सर?”

सर मोठ्याने हसले. चिमीही हसली. घरात कितीतरी दिवसांनी हा आवाज झाला होता, आणि आईला आनंद व्हायला हवा होता. पण तिचा हात वाटाण्याच्या शेंगेवर थबकला. पुढचा प्रश्न, लगेच उत्तर. त्याच्या पुढचा, लगेच उत्तर. हीच पोरगी तीन गणितांना अख्खी संध्याकाळ लावते, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. एका दिवसात असा कुठला चमत्कार होतो?

तिला लख्ख दिसलं. पैशासाठी मुद्दाम घडवून आणलेले अपघात तिने काय कमी पाहिले होते? दोन गाड्या, दोन ड्रायव्हर, आधीच ठरलेलं बोलणं. हाही तसलाच प्रकार. प्रश्न आणि उत्तरं आधी पोरीच्या कानात घातलेली, आई ऐकतेय हे माहीत असलेलं, आणि आठवड्याने म्हणायचं, बघा, कशी सुधारली! म्हणे पैसे नकोत.

ती वाटाण्यांचं ताट तसंच टाकून बाहेर आली. कपाटातून जुनं पुस्तक काढलं, मधलंच पान उघडलं आणि कागद-पेन्सिलीसकट चिमीपुढे आदळलं.

“हे सोडव. हे तरी सरांनी आधी सांगितलेलं नसेल.”

चिमीचं हसू कुठल्या कुठे गेलं. तिने सरांकडे पाहिलं, मग कागद पुढे ओढला. पट्टीने समास आखला. ‘दिलेले आहे’ असं लिहून खाली रेघ मारली. मग लिहीत राहिली, लिहीतच राहिली. सरांच्या चहावर साय धरली. नवरा दुकानातून आला, दारातच चपला हातात घेऊन उभा राहिला.

“बघितलंत?” ती सरांना म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता, तो लपवायचं तिच्या ध्यानातही आलं नाही. “तोंडी पोपटासारखं, आणि कागदावर अडली.”

“अडली नाहीये, ताई. उत्तर तिला केव्हाच आलंय. ती काय लिहितेय ते वाचा.”

तिने वाकून वाचलं. प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. हे सूत्र का घेतलं, दुसरं का नाही घेतलं. सहा साते बेचाळीस, तेही समासात सोडवून दाखवलेलं. तिला हा कागद कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, आणि मग कळलं, तिच्यासमोर बसणारी घाबरलेली माणसं अस्साच जबाब लिहून देतात.

“चिमे, अगं एवढं कशाला लिहितेस?” बापाने विचारलं. “अशाने पेपर पुरा कसा व्हायचा?”

“नाहीच होत,” चिमी मान वर न करता म्हणाली. “निम्मा राहतो.”

“मग?”

“मग काय? नाही लिहिलं तर आई विचारते ना, कशावरून. मागच्या वर्षी गणितात पैकीच्या पैकी पडले, तर तिने पहिलं काय विचारलं? शेजारी कोण बसलं होतं. मग इथे बसवून अख्खा पेपर परत सोडवून घेतला.” तिने पेन्सिल खाली ठेवली. “मी कॉपी नव्हती केली, आई.”

तो दिवस आई साफ विसरली होती! एक साधा प्रश्न विचारला होता, खातरजमा केली होती, पोरीने सोडवून दाखवलं तेव्हा खूशही झाली होती. तिच्या लेखी फाइल तिथेच बंद झाली होती. आणि आत्ता, सरांच्या देखत, तिने तेच परत केलं होतं. तिला लाज वाटली, इतकी की कुठे बघावं ते कळेना.

“मी नव्हतं असं म्हटलेलं...” ती पुटपुटली, पण म्हटलं होतं, आणि हे समोरच्या तिघांनाही माहीत होतं.

सरांनी पिशवी खांद्याला लावली. “फिजिक्स मी शिकवीन. खरं तर तिला फारसं शिकवायला नकोच. पण हे जे आहे ना, ते माझ्याने काढता येणार नाही.”

“मग मी काय करू?”

“एक प्रश्न विचारा तिला. उत्तर आलं की गप्प बसा.”

कशावरूनबाई चिमीसमोरच्या खुर्चीत बसली. पुस्तक मांडीवर घेतलं, अडखळत वाचलं, “एक चेंडू तीसच्या वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वाचे दहा धरून, तो किती उंच जाईल?”

चिमीने छताकडे पाहिलं. “पंचेचाळीस मीटर.”

आणि तिचा हात सवयीने पेन्सिलीकडे गेला. आईच्या जिभेवर शब्द आलाच होता, इतक्या वर्षांचा, दाताशी येऊन थांबलेला. तो तिने गिळला. तेवढ्यात तिला दिसलं की चिमी तिच्या तोंडाकडे बघतच नाहीये. ती बघतेय पुस्तकाकडे. प्रश्न वाचतानाच आईने मागचं उत्तरांचं पान अंगठा घालून धरून ठेवलं होतं.

आईने अंगठा बाहेर काढला. पुस्तक मिटलं, टेबलाच्या पार पलीकडे, नवऱ्यापुढे सरकवलं.

“बरं,” ती म्हणाली. “पुढचा विचारू?”

चिमीने पेन्सिल तशीच राहू दिली. “विचार.”