बिशप कोण घेणार?

हॉस्केटांच्या घरात पोट लपवता येतं, बिशप लपवता येत नाही.

बिशप म्हणजे घोडा. पांढरट, चोवीस वर्षांचा, खालचा ओठ लोंबलेला. एरवी तो पाणवठ्याच्या कडेला झाडाखाली उभा राहून डुलक्या काढायचा. त्याच्या पाठीवर ना गुराखी बसत, ना पाहुणा. घरातली बाई दिवसांत असली की तीच तेवढी बसायची. सकाळी घोडे कुंपणात घेतले की म्हातारा मुकादम डूली हातात दावी घेऊन मधोमध उभा राही, आणि ज्यानं त्यानं आपापल्या घोड्याचं नाव मोठ्यानं सांगायचं. ज्या सकाळी एखादी बाई ‘बिशप’ म्हणे, त्या सकाळी सगळ्यांना कळे. कुणी टोपी काढी, कुणी उगाच खाकरे, आणि दुपारी चहाबरोबर केक येई. पण तिनं स्वतः नाव घेईपर्यंत कुणी विचारायचं नाही, सुचवायचं नाही, पोटाकडे बघायचंसुद्धा नाही. नियम म्हणजे नियम.

हा नियम नॅनच्या सासूनं घातलेला, आणि आता तो नॅनच्याच घशात काट्यासारखा अडकला होता. नॅन म्हणजे नॉर्मा हॉस्केट, वय एकाहत्तर. सुनेपासून गुराख्यांपर्यंत सगळे तिला नॅनच म्हणत. जिभेला हाड नसतं म्हणतात. नॅनच्या जिभेला वर काटे होते. मटण तळायला घेतलं की सून दाराबाहेर पळते, एवढ्यावरून तिनं केव्हाच ओळखलं होतं. पण बोलायची सोय नव्हती.

सून टेगन. ती तरी काय कमी होती! दर पंधरवड्याला विमानानं येणारी नर्स परवाच तिला तपासून गेली होती.

“चौदा आठवडे,” नर्स म्हणाली. “आजवर पिशवी हाडाच्या आड होती. आता वर सरकतेय. घोड्यावर बसल्यानं काही होत नाही गं, पडल्यानं होतं.”

“मी दोन वर्षांत एकदाही पडले नाही.”

“दोन वर्षांत तुला पोटही नव्हतं.”

“माझ्या जागी तू असतीस तर?”

“मी उतरले असते. पण माझं काय, मला घोडा म्हणजे चार पाय आणि एक वास. तुझं तुला ठरवायचंय.”

ठरवायचं होतं ते असं. मे महिना लागला होता. आईपासून नुकतीच तोडलेली सहाशे वासरं दोन दिवस कुंपणात हंबरून हंबरून घसा बसवून घेत होती. त्यांना दहा दिवस रोज बाहेर काढायचं, सावकाश चालवायचं, थांबवायचं, वळवायचं, चरू द्यायचं आणि परत आणायचं. या दहा दिवसांत वासरू जे शिकतं ते जन्मभर टिकतं. माणूस दिसला की पळायचं हे शिकलं, तर पुढे दहा वर्षं कुंपणं मोडतं. टेगन या घरात येण्याआधी हॉस्केटांची गुरं भुतं बघितल्यासारखी उधळायची. तिनं ती गाईगत केली. आता बाजारात लोक ‘टेगनची वासरं’ म्हणून विचारत. ते काम ती वॉटलवरून करायची. वॉटल म्हणजे पिवळट रंगाची घोडी, टेगननं स्वतः तयार केलेली. वासराचा कान हलला की वॉटल वळलेली असे.

आणि दुसरीकडे जॉस्लिन होती. टेगनची नणंद. तिच्याइतकं घोड्यावर बसणारं कुणी नव्हतं म्हणतात. पाच वर्षांपूर्वी तिनं ‘बिशप’ म्हटलं. जुळी झाली. तिला कुणी काढलं नाही, कुणी वावगं बोललं नाही. फक्त खोगिरांच्या पडवीत तिच्या खुंटीवर एके दिवशी दुसऱ्याच कुणाचं तरी खोगीर दिसलं, आणि ते तिथेच राहिलं. जॉस्लिन आता किनाऱ्यावरच्या गावात राहते. केक मात्र उत्तम करते.

टेगनला केकचा तिटकारा नव्हता. तिला त्या खुंटीची धास्ती होती.

पहिल्या सकाळी डूलीनं विचारलं, “टेगन?”

“वॉटल.”

कुंपणाच्या फळीवर चहाचा मग घेऊन बसलेल्या नॅनला ठसका लागला.

“काय झालं, नॅन?” टेगननं सरळ तिच्याकडे बघत विचारलं.

“माशी गेली,” नॅन म्हणाली. “या वर्षी माशा फार शेफारल्यात.”

टेगनचा नवरा लॉकी शेजारीच घोड्याचा तंग आवळत होता. आवळता आवळता त्यानं डोळे मिटून घेतले. त्याला टेगननं सांगितलं होतं आणि वर बजावलंही होतं, की तोंड उघडलंस तर झोपायला बिशपशेजारी जा.

दोन तास सगळं छान चाललं. वासरं दबकत, चुकत, एकमेकांच्या शेपटीत तोंड खुपसत चालू लागली. मग एक तांबडं वासरू मान वर करून कळपातून सुटलं. वॉटलला सांगावं लागत नाही. ती मागच्या पायांवर खाली बसली आणि वीज फिरावी तशी फिरली. टेगन तिच्याबरोबर फिरली. वासरू अडलं, गपगुमान कळपात गेलं. बघणाऱ्याला वाटलं असतं, वा!

पण टेगनला ठाऊक होतं काय झालं ते. घोडी फिरली तेव्हा तिचा डावा पाय रिकिबीतून सुटला होता. ते होतं कधीमधी. उजवा हात घोडीच्या मानेकडे जायला हवा होता. तो गेला पोटावर. तिनं नेला नव्हता, आपणहून गेला. आणि जो हात पोट धरतो तो घोडा धरत नाही.

दुपारी ती वॉटलचं खोगीर उतरवत असताना लॉकी जवळ आला. आवाज खाली करून म्हणाला, “मी बघितलं.”

“काय बघितलंस?”

“हात.”

“मग?”

“मग बिशप घे की! एवढं काय अडलंय? आई याच्या आधीच्यावर बसली, तायडी याच्यावर—”

“तुझी तायडी आता काय करते?”

लॉकीनं घोडीची मान थोपटली. मग म्हणाला, “तुला या घरात कोण हलवणारंय, टेगन? मला तरी हिंमत आहे का?”

“जॉस्लिनला कुणी हलवलं होतं? कुणीच नाही. तरी ती हलली ना?”

लॉकी बिचारा घोड्याला पाणी पाजायला गेला. पुरुषांना उत्तर सुचलं नाही की घोड्यांना फार तहान लागते.

टेगन मात्र सरळ पाणवठ्यावर गेली आणि बिशपला दावं लावून घेऊन आली. ही नुसती घराण्याची सून नव्हती, घोड्यांतली होती. तिनं त्याचे पुढचे दोन्ही पाय उचलून बघितले. मग त्याला हातात धरून कुंपणाभोवती चालवलं, थोडं दुडकवलं. पुन्हा पाय उचलला.

नॅनला एवढं पुरेसं होतं. ती फळीवरून उतरून लगबगीनं आली. लेकी बोले सुने लागे म्हणतात. लेक किनाऱ्यावर होती, म्हणून नॅन घोड्याला बोलली.

“काय रे बिशप, तुझी परीक्षा चाललीय वाटतं? या घरातली दोन पोरं तुझ्या पाठीवर वाढली आणि आज तुझे पाय तपासतायत! मी काही कुणाचं नाव घेत नाही हो. पण काही लोकांना शहाणपण जरा जास्तच झालंय.”

“नॅन, हा नाल बघ,” टेगन म्हणाली. “पुढून घासून पात्यासारखा झालाय. हा पाय उचलत नाही, ओढतो. बाहेर काळ्या मातीला हातहात भेगा पडल्यात. हा उधळणार नाही, कबूल. पण हा पडेल.”

“पडेल? बिशप?” आता नॅनला घोडा पुरेना. “मुली, तुझा नवरा माझ्या पोटात होता तेव्हा मी याच्या आधीच्या घोड्यावरून सातव्या महिन्यापर्यंत गुरं हाकलीयेत. तू मला घोडे शिकवू नकोस!”

“याच्या आधीच्या. यावर नव्हे. तू याच्यावर शेवटची कधी बसलीस?”

“आत्ता बसते!”

“नॅन, नको.”

“डूली! खोगीर आण!”

डूलीनं टेगनकडे बघितलं, मग नॅनकडे. चाळीस वर्षं त्यानं एकाच बाईचं ऐकलं होतं. त्यानं खोगीर आणलं. नॅन पेटीवर पाय देऊन चढली, पाठ ताठ केली, आणि बिशपला फाटकातून बाहेर काढलं. दिसत मात्र राणीसारखी होती. वीस पावलं चालली, वळली, टेगनकडे बघून हनुवटी वर केली, आणि बिशपला टाच मारली.

बिशप दुडकत धावला. सात की आठ पावलं. मग त्याचा पुढचा पाय भेगेच्या कडेला लागला, आणि तो म्हातारा देवळात गुडघे टेकावेत तसा दोन्ही गुडघ्यांवर बसला. नॅन त्याच्या मानेवरून पुढे गेली.

सगळे धावले. टेगन सगळ्यांत आधी पोचली. नॅन धुळीत बसली होती, टोपी एका कानावर, डावा खांदा उजव्या हातानं घट्ट धरलेला. घोडा उठून उभा राहिला होता आणि शरमल्यासारखा दुसरीकडे बघत होता.

“हलू नकोस,” टेगन म्हणाली. “कुठे लागलं?”

“खांदा. मोडला नाहीये, ओरडू नका.” नॅननं तोंडातली माती थुंकली. काही वेळ ती सुनेच्या पोटाकडे बघत राहिली. घराण्याचा नियम मोडून, सगळ्यांसमोर, उघड उघड. मग हळूच म्हणाली, “त्यावर तू असतीस.”

“म्हणूनच बसले नाही.”

“आणि त्या पिवळीवर बसलीस, ते?”

हे मात्र बरोबर लागलं. टेगननं सासूला काखेत हात घालून उभं केलं. त्या दुपारी ती खोगिरांच्या पडवीत बराच वेळ एकटी बसली. आपल्या खुंटीसमोर. खुंटीवर तिचं खोगीर होतं, मांड्यांच्या घासानं काळं पडलेलं. तिनं ते खाली घेतलं नाही. नुसतं बघितलं. आपण हट्ट कशाचा धरलाय, याचा तिनं एकदा नीट हिशोब लावला. हट्ट घोड्याचा होता की जागेचा? घोडा वर्षभर वाट बघेल. जागा बघणार नाही. मग भांडायचं ते जागेसाठी भांडावं, त्यासाठी पोटातल्याला कशाला पुढे करायचं? एवढं सुचलं आणि तिला भूक लागली. तिसऱ्या महिन्यापासून पहिल्यांदा, सडकून.

दुसऱ्या सकाळी कुंपणाभोवती गडी नेहमीपेक्षा जरा लवकरच जमले होते. बातमी असेल तिथे माणसाला उठवावं लागत नाही. नॅन फळीवर बसली होती, हात स्वयंपाकघरातल्या फडक्यानं गळ्यात बांधलेला.

“टेगन?” डूलीनं विचारलं.

“मला पोट आहे,” टेगन म्हणाली. “चौदा आठवडे झाले. बिशप नको. वॉटलही नको. वॉटल लॉकीला दे. मी चाऱ्याची गाडी घेते.”

त्या कुंपणात आजवर कुणी गाडीचं नाव घेतलं नव्हतं. टोपी काढायची की नाही हे कुणाला कळेना. एकानं अर्धी काढून पुन्हा घातली.

डूली हसला. “गाडीतून वासरं शिकवणार? उंटावरून शेळ्या हाकायच्या तेवढ्या राहिल्या.”

“वासरं चाऱ्यामागं येतात, डूली. तुझ्या शिट्टीमागं येत नाहीत. मी पुढे हळूहळू चालवते, गाडीतून खाली पाय ठेवणार नाही. तुम्ही बाजूंनी आणि मागून. कळप थांबवायचा कधी, वळवायचा कधी, ते मी सांगेन. कळप माझाच आहे.”

“आणि तुझी खुंटी? नवा गडी यायचाय पुढल्या आठवड्यात. खोगीर रिकामंच लटकणार असेल तर—”

“लटकू दे.”

“नाही, म्हणजे उगाच जागा अडवून—”

“डूली,” फळीवरून नॅन म्हणाली. तिनं आवाज चढवला नाही. खांदा दुखत होता. “माझ्या लेकीची खुंटी तू अशीच दिलीस. मी तेव्हा केक खात बसले होते. या खुंटीला हात लावून बघ, मी तुला बिशपवर बसवीन आणि चांगला दुडकव म्हणेन.”

गडी खो खो हसले. डूलीही हसला, पण दावी हातात गोळा करत, जमिनीकडे बघत.

चाऱ्याची गाडी म्हणजे दारं नसलेलं, चिखलाच्या रंगाचं धूड. टेगननं ती मुंगीच्या चालीनं बाहेर काढली. पहिल्यांदा वासरं बावचळली. मग एकानं नाक वर केलं, चार पावलं टाकली. मग दहा. मग सहाशे. भेगाळलेल्या काळ्या रानातून ती लांबलचक ओळ तिच्यामागून येऊ लागली, धूळ उडवत, फुरफुरत. तांबडं वासरू पुन्हा सुटलं. वॉटल पुन्हा वीज झाली, आणि लॉकीची टोपी उडून काट्यांत पडली.

टेगनचा हात लगाम शोधायला गेला. लगाम नव्हता. तिनं स्टिअरिंगवर मूठ आवळली आणि बाहेर डोकं काढून ओरडली, “लगाम ढिला सोड, गाढवा! तिला ठाऊक आहे, तू मध्ये येऊ नकोस!”

संध्याकाळी घोडे सोडताना डूली तिच्याजवळ आला. सकाळचं काही बोलला नाही. वासरं शांत बसून रवंथ करत होती, गेल्या वर्षीसुद्धा दुसऱ्या दिवशी इतकी शांत बसली नव्हती. ते त्याला दिसत होतं.

“उद्या काय घेणार?” त्यानं विचारलं.

“गाडी. परवाही गाडी. नोव्हेंबरात पोर. आणि पुढल्या मे महिन्यात, पहिल्या सकाळी, वॉटल. आत्ताच लिहून ठेव.”

“मला कुठे लिहिता येतं?”

“मग पाठ कर.”

डूलीनं घसा खाकरला. “मे महिना, पहिली सकाळ, टेगन, वॉटल.”

“पुन्हा म्हण,” टेगन म्हणाली.