माझा चौथा पाय

मी एक जुना लाकडी बैल आहे. पाय तीन. हसायचं ते आताच हसून घ्या मित्रांनो, पुढं हसण्यासारखं फार नाही.

निजामाच्या मुलखातल्या वाशी गावच्या बलभीम सुताराने औताच्या कामातून उरलेल्या बाभळीच्या तुकड्यातून मला घडवलं. तेव्हा पाय चार होते. शांताक्कांनी आपल्या ओसरीवर मराठी शाळा भरवली होती. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत, मराठी पुस्तकं आणायची कुठून? म्हणून दोरीचा साप, मातीची कोंबडी, खराट्याच्या काड्यांचा मुंगळा आणि मी. आमचे पाय मोजून पोरं अंक शिकली. शांताक्कांचा नेम एकच. बोट लावून मोजल्याशिवाय आकडा बोलायचा नाही, घरच्या दावणीला बैल असला आणि त्याचे पाय तोंडपाठ असले तरी.

"अक्का, सापाला बोट कुठं लावू?" पाच वर्षांची गौरा विचारायची.

"हुडक की. घावलं न्हाय तर शून्य!"

एक दिवस तपासणीचे साहेब आले. परवानगीशिवाय शाळा चालवता येत नसे आणि परवानगीचा कागद साहेबांच्या हातात होता. ओसरीवर चढताना त्यांचा बूट माझ्यावर पडला. कटकन पाय मोडला. त्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही.

"बोल बेटी, बैलाला पाय किती?"

गौराने मला उचललं, बोट लावलं. "याला तीन."

"तीन? बाई, हेच शिकवता?"

"चवथा तुमच्या बुटाखाली हाय, साहेब."

पोरं फिसकन हसली. साहेबांचे कान लाल झाले. "पोरीला चार म्हणायला लावा, बाई. नाहीतर हा कागद विसरा."

शांताक्कांनी समोरच्या वीस पोरांकडं बघितलं. एक शब्द बोलल्या असत्या तर शाळा वाचली असती.

"तिनं मोजलंय," त्या म्हणाल्या. "आता तुमी मोजा."

साहेबांनी मोजलं नाही. शाळा बंद झाली. पाच वर्षं मी ज्वारीच्या कणगीमागं पडून राहिलो. वाळवीने शेपूट खाल्लं.

मग निजामाचं राज्य गेलं, शाळा पुन्हा भरली आणि गौरानेच मला धुऊनपुसून बाहेर काढलं. नवे साहेब आले. मला बघून म्हणाले, "याला पाय बसवून घ्या, बरं दिसत नाही." राज्य बदललं, साहेबी तीच.

मित्रांनो, मला जपा, वाळवीपासून वाचवा. पण पाय बसवू नका. बोट लावून मोजा. आणि आकडा जुळला नाही, तर विचारणाऱ्याच्या बुटाखाली बघा.