डावा पाय

फटफटीला झटका बसला आणि मागच्या दोन्ही कॅनमधलं पाणी भागाच्या काष्ट्यावर उडालं.

"बठ्ठं सांडी दिनं का?" अंगणातल्या बाजेवरून आबांनी विचारलं.

"आबा, कॅनमा गवत कोंबू द्या ना! तुम्हीबी कोंबेत."

"ते रस्ताकरता. शिकताना नही. गवत चूक झाकस."

सोनगीरजवळच्या या खेड्यातून रुपचंद आबांनी बावीस वर्षं धुळ्याला दूध नेलं. मागच्या हिवाळ्यात गियरचा दांडा घासून डाव्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. चपलेतला उघडा पाय, अंगात साखर. एक खाडा झाला तर गिऱ्हाईक तुटेल, म्हणून फडकं बांधून ते दोन महिने त्याच पायाने गियर टाकत राहिले. शेवटी दवाखान्यात पाय घोट्याच्या वरून कापला.

आज शनिवार. धुळ्याचा हॉटेलवाला दुधासाठी सोमवारपर्यंतच थांबणार होता, मग दुसरा दूधवाला धरणार होता. सासर सोडून आलेल्या त्यांच्या लेकीला, भागाला, परत जायचं नव्हतं, आणि घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं.

"माले नही जमाव," काष्टा पिळत ती म्हणाली. "शेजारना सुकदेव काका म्हने, धुळे येवापावत लोनीच निंघी."

"निंघू दे. पहिलं ताक त्यालेच पाजू."

ती हसली. आबा मात्र लगेच गंभीर झाले.

"भागा, निजेल लेकरूना डोकाखालथून हात कसा काढतस? तसा क्लच सोड. तू धाकली व्हती तव्हय तुले मी तसाच निजाडू."

कॅन पुन्हा काठोकाठ भरले. ती गल्लीबाहेरच्या चिंचेपर्यंत जाऊन आली. पुन्हा भरले, पुन्हा गेली. ऊन उतरलं तेव्हा आबांनी तिला जवळ बोलावून काष्टा चाचपला. कोरडा होता.

सोमवारी पहाटे तिने कॅनमध्ये दूध भरलं, तोंडाशी गवत कोंबलं. तिची आई केसरबाई दारात उभी राहिली. आबा आत बाजेवर, गोधडीत.

फटफटी सुरू झाली. पहिला गियर. गोधडीखाली आबांचा डावा पाय हलला. गल्लीच्या तोंडाशी दुसरा. पाय पुन्हा हलला.

मग चिंच आली असावी. तिथे तिसरा. आबांनी पाय उचलून धरला आणि ते कान देऊन राहिले. झटका नाही, खरखर नाही. आवाज एकसारखा लांब जात हायवेच्या आवाजात मिसळला.

"कव्हय टाका तिनी?" ते पुटपुटले.

केसरबाई आत आली, तेव्हा घोट्याच्या वरच संपलेला तो पाय गोधडीखाली तसाच उचललेला होता.