एकतीसची ताकद दी, म्हाराजा

मिठबावच्या कातळसड्यावरच्या आमच्या वीजकेंद्रात तिसरं जनित्र आलं आणि माणसांच्या अकला गेल्या.

ब्रेकरची गोष्ट सोपी आहे. शॉर्टसर्किट झालं की करंट पिसाळतो, तो तोडायचं काम ब्रेकरचं. आमचा ब्रेकर पंचवीस हजार अँपिअरपर्यंत तोडतो. तिसरं जनित्र जोडलं तर शॉर्टसर्किटमध्ये एकतीस हजार येणार, असा हिशोब आमच्या इंजिनीयर वर्षालीने मांडला. म्हणजे ब्रेकर करंट तोडणार नाही, स्वतःच फुटणार. त्यात रिमोटची केबल उंदरांनी खाल्लेली, म्हणून जनित्र जोडायचं बटण ब्रेकरसमोर उभं राहून हाताने दाबायचं. हात माझा. मी ऑपरेटर, लिनो.

केंद्राचे प्रमुख किरण साहेब कसालचे. घरी मालवणी, खुर्चीत बसले की पुस्तकी मराठी.

"क्षमता ही मानसिक बाब असते," ते वर्षालीला म्हणाले. "उद्घाटन आजच होईल."

"सर, लिनो मरेल."

"नकारात्मक बोलू नका. आपण देवाला गाऱ्हाणं घालू."

आणि घातलं. मी मेलो असतो तर हेच लोक दोन मिनिटं उभे राहिले असते आणि मग चहाला गेले असते. नारळ आला, अगरबत्ती लागली, वॉचमन काशीराम पुढे झाला. त्याचा आवाज खाडीपलीकडे जातो. साहेब त्याच्या कानात आकडे सांगत होते.

"बा देवा म्हाराजा, आज तिसरी मशीन लावतंव."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"ब्रेकर पंचवीसचो आसा. तेका एकतीस सोसूची ताकद दी."

"व्हय म्हाराजा."

साहेब वर्षालीकडे वळले. "झाली तपासणी. सर्वानुमते."

पण काशीरामचं संपलं नव्हतं. गाऱ्हाण्यात काम करणाऱ्याचं नाव घ्यायचं, आणि घ्यायचं तर मानाच्या माणसाचं, ही त्याची रीत. ऑपरेटरला कोण विचारतो?

"आणि आमचे किरण सायब सोता ब्रेकराच्या म्होरी उभे रवान बटण दाबतले. तेंका सांबाळ."

"व्हय म्हाराजा."

मी चर्चला जाणारा माणूस, पण सगळ्यात मोठ्याने मीच म्हणालो. माझ्या खालोखाल साहेब. जन्माची सवय. तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं.

"काशीराम, बटण लिनो दाबेल."

"देवाक सांगान झाला, सायबानू. आता फिरवूचा कसा?"

"अहो, ते बोलण्यापुरतं असतं."

"मगे एकतीसपण बोलण्यापुरताच काय?"

साहेब ब्रेकरसमोर जाऊन उभे राहिले. लोखंडी दारावर पाटी होती, त्यावर पंचवीसचा आकडा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच वाचली असावी. हात बटणापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

"वर्षाली," ते म्हणाले, "तां एकतीस तू नीट मोजलंस मां?"

"नीट मोजलंय, सर."

"मगे मोठो ब्रेकर मागव गो. तवसर ह्या मशिनीक कोणी हात लावू नकात."

पुस्तकी मराठी कुठे गेली कोण जाणे.

काशीराम नारळ घेऊन तसाच उभा. "ह्यो फोडू काय रे लिनो?"

"फोड," मी म्हणालो. "तो फुटलेलो चलता."