बाराव्या गाण्याची जागा

"वहिनी, चहा टाका, बँड आलाय!" धाकट्याने दारातूनच हाक दिली, आणि थोरलीने ओळखलं की याला काहीतरी हवंय. नुसता भेटायला आलेला माणूस आधी पाणी मागतो. चहा मागतो तो कामाला आलेला.

बँड म्हणजे आता उरले होते तिघे. धाकटा, तिचा दीर, गायचा. लंबू जाड तारांची गिटार वाजवायचा. ढोल्या ड्रम बडवायचा, आणि त्या बडवण्यापायी आता दोन्ही कानांनी ठार बहिरा झाला होता. चौथा थोरला, तिचा नवरा, ऑर्गनवर बसायचा. त्याला जाऊन बराच काळ लोटला होता. एके काळी या चौघांच्या रॉकच्या गाण्यांवर पोरंपोरी अंगात आल्यासारखी नाचली होती, आणि या चौघांचे घामाने आंबलेले शर्ट थोरलीने धुतले होते. नाचणाऱ्यांची नावं कुणी लक्षात ठेवली नाहीत, तिथे धुणारीची काय कथा!

धाकट्याने पिशवीतून एक कोरी करकरीत रेकॉर्ड काढून टेबलावर ठेवली. वरचं वेष्टन अजून पांढरंच होतं.

"कंपनी आमची ग्रेटेस्ट हिट्स काढतेय, वहिनी. सगळ्या रेकॉर्डमधली गाजलेली गाणी एकाच रेकॉर्डवर. गिऱ्हाइकाने एकदाच खिशात हात घालायचा आणि चांगलं चांगलं सगळं घरी न्यायचं. एकदम पैसे वसूल!"

"म्हणजे साय काढून विकणार," थोरली आधण ठेवत म्हणाली. "आणि खालचं दूध?"

"दूध आता कोण पितंय?"

"बरोबर आहे. बोक्याला सायच लागते."

लंबू खाली बघून हसला. थोरलीची लेक नुकतीच कामावरून आली होती, ती कप मांडता मांडता म्हणाली, "आई, जुन्या रेकॉर्ड आता छापतच नाहीत गं. दुकानात गेलीस तर एक मिळायची नाही. जे या रेकॉर्डवर येईल तेच उरेल."

"तू काकाची वकील कधीपासून झालीस?"

"काकाची नाही. बाबांची."

थोरलीने आधणात साखर टाकली. पोरगी तिच्यावर गेली होती, म्हणून तिला फार बोलायची सोय नव्हती.

चौघांची एक रीत होती, थोरल्यानेच घालून दिलेली. कुठलंही गाणं बाहेर जाण्याआधी याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी बसून सगळं ऐकायचं. मध्ये उठायचं नाही. ज्याला पसंत नसेल त्याने आपला कप बशीत उपडा घालायचा. एक कप जरी उपडा झाला तरी ते गाणं बाद. कारण विचारायचं नाही, आणि उपडा झालेला कप पुन्हा सुलटा करायचा नाही, नाहीतर, थोरला म्हणायचा, आपण म्हातारे होईपर्यंत भांडत बसू. तो गेल्यावर त्याचा कप आपसूक थोरलीकडे आला. तिला अक्षर जेमतेम लागायचं, पण टेबलाशी त्या जागेवर बसली की ती कुणाला हार जायची नाही. कप उपडा घालायची वेळ मात्र आजवर आली नव्हती.

लेकीने रेकॉर्ड लावली. एकामागून एक गाणी सुरू झाली. धाकट्याचा तरुणपणीचा आवाज होता तो, मधात घोळलेला. थोरलीच्या पायाची बोटं टेबलाखाली हलत होती आणि ती त्यांना हलू देत होती. ढोल्या सुईच्या हलण्याकडे बघून मान डोलवत होता.

मग बारावं आलं.

ते गाणं मुळात रेकॉर्डची अख्खी बाजू व्यापायचं. त्यात धाकट्याला चार ओळी होत्या आणि दोनदा धृपद. नंतर शेवटपर्यंत नुसता ऑर्गन. ते बसवताना लेक पोटात होती. थोरला सकाळपासून वाजवत बसायचा आणि खालच्या मजल्यावरची म्हातारी झाडूच्या दांड्याने छत ठोकायची. शेवटी तो ठोकाच त्याने तालात घेतला. म्हातारी बिचारी मरेपर्यंत आपल्या वाट्याचं वाजवत राहिली. मैफलीत हे गाणं लागलं की धाकट्याला माइक धरून खांबासारखं उभं राहावं लागे, आणि लोक त्याच्याकडे ढुंकून बघत नसत.

ऑर्गनने सुरुवात केली. थोरलीच्या मानेवर काटा आला. धाकट्याच्या ओळी झाल्या, धृपद झालं, पुन्हा झालं. आता ऑर्गन श्वास घेणार, तो घेतलाही, आणि आवाज बारीक होत होत गेला. संपलं.

"सुई अडकली का?" थोरलीने विचारलं.

"नाही वहिनी. कंपनीने जरा आटोपशीर केलंय."

"माणूस कमरेखाली कापला आणि म्हणे आटोपशीर!"

"अख्खं घेतलं तर पाच गाणी बाहेर काढावी लागतात. लोक म्हणतील, एवढे पैसे मोजून हातात काय आलं?"

"वहिनी," लंबू हळूच म्हणाला, "सुरुवातीला तरी दादाच आहे. तेवढं राहील. जरा थांबा, विचार करून..."

"लंब्या, मध्ये बोलायचं नाही, रीत आहे," धाकटा म्हणाला, आणि थोरलीपुढची बशी त्याने बोटाने तिच्याकडे सरकवली. "तुम्हाला पटेल ते करा, वहिनी. दादाचा कप आहे. मी एक शब्द काढणार नाही."

थोरलीने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि कप उपडा घातला. बशी वाजली.

"झालं," धाकटा म्हणाला. त्याने सुस्कारा सोडला नाही, तोंड पाडलं नाही. वाकून पिशवीतून दुसरी रेकॉर्ड काढली, तशीच कोरी, तशीच पांढऱ्या वेष्टनातली. "मग बाराव्या जागी माझं एकट्याचं गाणं घालू, त्याला ही रीत लागू नाही. कंपनीला ही पाठवतो."

लेक हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. "काका, ही आधीच तयार करून आणलीस?"

"अगं, असलेली बरी जवळ."

"गाडीत म्हणतच होतास," लंबू कुणाकडेही न बघता बोलला, "वहिनीचा कप उपडा होणार म्हणजे होणार. पैज लावत होतास."

ढोल्याने सगळ्यांची तोंडं पाहिली. "संपलं का?" तो मोठ्याने म्हणाला. "छान झालंय हो!"

लेक थोरलीच्या कानाशी वाकली. "आई, सुलटा कर. काहीच नसण्यापेक्षा तेवढं तरी राहू दे. बाबांची सुरुवात तरी लोक ऐकतील."

थोरलीने दिराकडे पाहिलं. तो मिशीला लागलेला चहा पुसत होता, निवांत. त्याने तिला बरोबर ओळखलं होतं. शर्ट धुऊन घेता घेता ओळखलं असेल. आता कप सुलटा केला तर नवऱ्याची रीत बायकोनेच मोडली म्हणून हाच गावभर सांगणार, आणि नाही केला तर याचं गाणं बाराव्या जागी. इकडून तिकडून तूप याच्याच पोळीवर.

मान झुकवली असती तर काम झालं असतं. मान झुकेना. तिने बशीसकट कप उचलला, उपडाच, आणि मोरीत नेऊन ठेवला.

"भावजी," ती पाठमोरीच म्हणाली, "चहा झाला ना? मग या आता."

रेकॉर्ड बाजारात आली आणि हातोहात खपली. लेक महिनाभर आईशी कामापुरतंच बोलली. एके दुपारी थोरली एकटीच रेकॉर्डच्या दुकानात गेली. काऊंटरमागे चष्मेवाला दुकानदार होता आणि तीच रेकॉर्ड वाजत होती.

"या आजी, काय देऊ?"

"यांचीच जुनी. एका बाजूला एकच गाणं आहे ती."

"ती कधीच बंद झाली. आणि हवी कशाला? यात सगळी आहेत."

"सगळी?"

"म्हणजे चांगली चांगली सगळी."

शेजारी एक तरुण बाई रेकॉर्ड उलटीसुलटी करून बघत होती. "मला यांचं काहीच माहीत नाही," ती थोरलीला म्हणाली. "घेण्यासारखी आहे का हो? नाहीतर पैसे वाया जायचे."

बारावं गाणं लागलं होतं, धाकट्याचं एकट्याचं. थोरलीने मान वळवून ऐकलं. वाईट असतं तर तिने तिथल्या तिथे चार शिव्या घातल्या असत्या. पण मेल्याचा आवाज गोड होता, गाणं नीट होतं, आणि कुठे काही कमी आहे असं ऐकणाऱ्याला वाटायचं काही कारणच नव्हतं.

"घे," ती म्हणाली. "एकही गाणं वाईट नाही. पैसे वाया जायचे नाहीत."

बाईने पाकीट उघडलं. दुकानदार खूश झाला. "बघा, आजींनी माझं काम केलं!"

"सगळ्यांचीच करते, बाबा," थोरली म्हणाली, आणि दुकानदार पिशवी शोधायला वाकला तशी ती उन्हात बाहेर पडली.