श्रद्धांजलीचे बॅनर

जलदान विधीच्या आदल्या दिवशी पारमिता दूध आणायला बाहेर पडली आणि विहाराच्या कमानीपाशी थबकली. कमानीला तिच्या वडिलांच्या श्रद्धांजलीचा बॅनर लागला होता. वडील कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोतले, डोळे अर्धवट मिटलेले. बाकी सगळा भावकू अण्णा, हात जोडून. समोरच्या विजेच्या खांबांना दुसरा बॅनर होता. त्यात जोतिबा आणि त्याची माणसं, आणि वडील आणखी बारीक.

भावकू आणि जोतिबा दोघंही ग्रामपंचायतीला एकमेकांविरुद्ध उभे होते.

यंदा गावात पोस्टर-बॅनर लावायचं नाही असं ठरलं होतं, आणि ते ठरवून घेणारे तिचे वडील भरमा आप्पाच. मागच्या निवडणुकीत कुणाचं तरी पोस्टर फाटलं, त्यावरून डोकी फुटली, दोन गल्ल्यांचं बोलणं बंद झालं. निपाणीच्या तंबाखू वखारीत आप्पांची छाती कामातनं गेली होती. तरी धापा टाकत ते दारोदार फिरले. उमेदवारांनी माना डोलावल्या. सरकारी बंदी कसली नव्हती, नुसता शब्द होता.

भावकू डेअरीवरच भेटला.

"अण्णा, बॅनर काढा," ती म्हणाली.

"आक्का, त्यो इलेक्शनचा कुठं हाय? मयताचा हाय. मयताचं काय ठरलं नव्हतं."

"मग तुमचा फोटो कशाला?"

भावकूनं कॅनकडं बघितलं. "जोतिबानं काढला की काढतो. न्हायतर लोक म्हणतील, भावकूला आप्पांचं कायच वाटलं न्हाय."

जोतिबानं तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि हेच सांगितलं. नाव तेवढं भावकूचं घेतलं. चिकोडीच्या कॉलेजात पारमिता पोरांना तासतासभर समजावायची, पण इथं तिनं पुढं वाद घातला नाही. दवाखान्यात आप्पांना नेल्यापासून ती धड झोपली नव्हती. राग यायला हवा होता, पण त्यालाही अंगात बळ लागतं. ती चहा पिऊन उठली.

घरी तिची आई अंजना तांदूळ निवडत होती.

"काढत्यात व्हय?"

"न्हाय."

आईनं सूप बाजूला ठेवलं, विळा घेतला, शेजारची शिडी मागितली आणि कमानीकडं चालू लागली. पारमिता मागनं गेली. भर दुपारी मायलेकींनी शिडी लावली. कट्ट्यावरची माणसं बघत राहिली. कुणी अडवलं नाही, कुणी उठलंही नाही. शिडी हलायला लागली तेव्हा भावकूच समोरच्या दुकानातनं आला आणि त्यानं ती धरली. स्वतःचाच बॅनर खाली येताना तो वर बघत होता.

"वैनी," तो हळूच म्हणाला, "जोतिबाचा पण काढा मातर."

तोही काढला. आईनं दोन्हींतनं आप्पांचा चेहरा तेवढा कापून घेतला आणि उरलेलं भावकूच्या हातात दिलं.

विधीला दोघंही आले, मागं बसले, जेवून गेले.

पारमिता परत कॉलेजात रुजू झाली. आठवड्याभरानं आईचा फोन आला. स्टँडवर भावकूच्या वाढदिवसाचा बॅनर लागला होता, त्याच्या शेजारी जोतिबाच्या नव्या ट्रॅक्टरचा.

"तू काय काढायला जाऊ नगंस," पारमिता म्हणाली.

"न्हाय गं. गुडघं लई दुखत्यात. विहाराकडं तेवढं कोण लावंना झाल्यात."