निर्गुडीला सांगायचं राहिलं

"न सांगता तोडलास?" हरणाबाईंनी पिशवीत डोकावून पाहिलं आणि ती सरळ बाजूला सारली. "मग मला चालत न्हाय."

आत निर्गुडीचा ताजा पाला होता, निळसर तुऱ्यांसकट. त्यांची सून दीपमाला तो ओढ्यावरून घामाघूम होऊन घेऊन आली होती.

"आत्या, झाड तेच, पाला तोच. गुडघ्याला काय कळतंय?"

"गुडघ्याला न्हाय, झाडाला कळतंय."

हरणाबाईंचा हा कायदा ढोकीच्या आसपास सगळ्यांना पाठ होता. आदल्या सांजेला झाडाशी हळद-तांदूळ ठेवायचे, कुणाचं काय दुखतंय ते नावानिशी सांगायचं, सकाळी पाला आणून तव्यावर गरम करून बांधायचा. ऊसतोडीनं धरलेल्या कमरा, मुरगळलेले पाय, सगळं त्यांच्या हातून बरं झालेलं. फक्त स्वतःसाठी आपण सांगायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं. सासूनं हा नियम शिकवला तेव्हा हरणाबाई विशीत होत्या, त्यामुळं त्यात काही अडचण दिसली नव्हती.

आता उजवा गुडघा टम्म फुगला होता. परवा त्यांनी लबाडीही करून पाहिली. काठी टेकत ओढ्यावर गेल्या आणि "रामहरीच्या गुडघ्यासाठी" असं झाडाला सांगून आल्या. मागं वळतात तर शेजारचा रामहरी शीळ घालत सायकलवर चाललेला. शरमेनं त्यांनी पाला आणलाच नाही, आणि त्या फेरीनं सूज तेवढी वाढली.

दीपमाला गावची आशाताई. तिनं आधीच डॉक्टरांना दाखवून गोळ्या चालू केल्या होत्या. ठणका कमी झाला, पण हरणाबाईंचा चेहरा काही खुलेना.

"म्या अशी बसले तर लोकांचं कोण सांगंल, दीपा?" त्या म्हणाल्या. आपलं काम संपलं, या भीतीनं त्यांना गुडघ्यापेक्षा जास्त छळलं होतं.

त्या सांजेला दीपमालानं हळद-तांदूळ घेतले.

"तिथं हसू नको," हरणाबाईंनी बजावलं.

ओढ्यावर कुणी नाही, याची तिनं दोनदा खात्री केली. मग सवयीनं सुरू झाली, "हरणाबाई, वय एकाहत्तर, उजवा गुडघा, सूज..." आणि थांबली. हे तर रजिस्टर झालं.

"आमच्या आत्या हायेत," ती हळूच म्हणाली. "तुला माहीतच हायेत. लई जणांचं सांगितलंय त्यांनी. उद्या येते."

सकाळी दारातल्या उन्हात तिनं गरम पाला आत्यांच्या गुडघ्यावर ठेवून फडकं बांधलं.

"गाठ ढिली हाय," हरणाबाई म्हणाल्या.

"सोडून परत बांधू?"

"ऱ्हाऊ दे. जमंल."

तेवढ्यात रामहरी कंबर धरून दारात आला. "काकू, पोतं उचलताना चमक भरली."

हरणाबाईंचा हात सवयीनं काठीकडं गेला. मग त्यांनी तो परत मांडीवर ठेवला.

"दीपाला सांग," त्या म्हणाल्या. "सांजेला ती झाडाला सांगून येईल."

आणि पाय लांब करून त्या तशाच उन्हात बसून राहिल्या.